जॉन स्नो कोणाचा मुलगा? आणि तो प्रत्येक लढाईत वाचतो कसा?



वर्गात कुठल्याही वीराची गोष्ट सांगायला घ्या, दोन प्रश्न हमखास येतात. 'सर, हा खरा कोणाचा मुलगा?' आणि 'एवढे बाण आले, मग ह्याला एकही कसा लागला नाही?' मोठी माणसंही गोष्ट वाचताना हेच विचारतात. जॉन स्नो या काल्पनिक वीराबद्दल वाचकांनी आणि प्रेक्षकांनी याच दोन प्रश्नांवर कितीतरी वर्षं वाद घातला. आज आपण तो वाद समजून घेऊ, कारण पुरावा कसा शोधायचा हे त्यातून छान शिकता येतं.

(सूचना : पुढे कथेतलं रहस्य उघड केलं आहे.)

जॉन स्नो कोण?

अमेरिकन लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कादंबरीमालेचं पहिलं पुस्तक 'अ गेम ऑफ थ्रोन्स' 1996 मध्ये आलं आणि पाचवं 2011 मध्ये. त्यावरची 'गेम ऑफ थ्रोन्स' ही मालिका 2011 ते 2019 या काळात आठ पर्वांत दाखवली गेली.

कथा वेस्टरॉस नावाच्या काल्पनिक देशात घडते. उत्तरेचा सरदार नेड स्टार्क युद्धावरून परत येतो तो एक तान्हं बाळ घेऊनच. 'हा माझा अनौरस मुलगा' एवढंच तो सांगतो. आई कोण, हे बायकोलाही सांगत नाही. उत्तरेत अशा मुलांना 'स्नो' म्हणजे बर्फ हे आडनाव लावतात. जॉन भावंडांसोबत वाढतो खरा, पण आपण या घरातले पूर्ण नाही हे त्याला पदोपदी जाणवत राहतं. शेवटी तो उत्तर सीमेवरच्या बर्फाच्या भिंतीवर पहारेकरी म्हणून निघून जातो.

पहिला वाद : आई कोण?

पुस्तकात उत्तरं एकाहून जास्त आहेत. नेड स्वतः राजा रॉबर्टला 'विला' हे नाव सांगतो. लोकांची कुजबुज अशारा डेन नावाच्या उच्चकुलीन स्त्रीबद्दल आहे. पाचव्या पुस्तकात एका कोळ्याच्या मुलीचीही गोष्ट येते.

पण बारकाईनं वाचणाऱ्यांना वेगळंच दिसलं. त्यांनी हे धागे जोडले :

1. नेडची बहीण लायाना एका मनोऱ्यात रक्तानं भिजलेल्या बिछान्यावर मरते आणि मरताना भावाकडून वचन घेते. कसलं वचन, ते लेखक सांगत नाही.

2. त्या मनोऱ्याबाहेर राजघराण्याचे तीन अंगरक्षक प्राण देईपर्यंत लढतात. राजा आणि युवराज रेगार दोघंही आधीच मेलेले आहेत. मग हे राखतायत कोणाला?

3. रेगारनं एका स्पर्धेत स्वतःच्या बायकोला डावलून लायानाला निळ्या गुलाबांचा मुकुट दिला होता. दुसऱ्या पुस्तकात डेनेरिसला एक दृश्य दिसतं : बर्फाच्या भिंतीच्या फटीत उगवलेलं निळं फूल. आणि भिंतीवर पहारा देतोय जॉन!

यावरून वाचकांनी समीकरण मांडलं : रेगार + लायाना = जॉन. म्हणजे नेड त्याचा बाप नव्हे, मामा. मग मामानं खोटं का सांगितलं? राजा रॉबर्टला रेगारचा वंश उरू द्यायचा नव्हता. बाळ जगावं म्हणून नेडनं स्वतःच्या नावाला डाग लावून घेतला. म्हणूनच विलाचं नाव त्याच्या तोंडून आलं तरी त्यावर भरवसा ठेवता येत नाही. बोलणाऱ्याला खरं लपवण्याचं कारण आहे का, हे आधी पाहावं लागतं.

मालिका करायची परवानगी मागायला आलेल्या बेनिऑफ आणि वाइस या दोघांना मार्टिननी हाच प्रश्न विचारला होता : जॉनची आई कोण? दोघांनी बरोबर उत्तर दिलं. मालिकेत हे रहस्य 26 जून 2016 च्या भागात उघड झालं. ज्यांनी पुस्तक नीट वाचलं होतं, ते तोवर कितीतरी वर्षं आधीच तिथं पोचले होते.

दुसरा वाद : नशीब की रक्त?

त्याच्या बरोबर एक आठवडा आधी, 19 जून 2016 ला, एका मोठ्या लढाईचा भाग दाखवला गेला. त्यात जॉन एकटाच शत्रूच्या घोडदळासमोर तलवार उपसून उभा राहतो. आजूबाजूला माणसं कोसळतात, बाण पडतात, तो प्रेतांच्या ढिगाखाली गुदमरतो, आणि तरीही जगतो.

आठवड्याभरात कळलं की तो राजवंशातला आहे. मग काहींनी दोन्ही गोष्टी जोडल्या : राजरक्त आहे, म्हणूनच वाचला!

हे पटतं का? कथेतच तपासून पाहू. त्याच रक्ताचा त्याचा बाप रेगार रणांगणावर रॉबर्टच्या घणाच्या घावानं मेला. चुलता विसेरिसच्या डोक्यावर वितळलेलं सोनं ओतलं, तेव्हा राजरक्त कामी आलं नाही. पहिल्या पुस्तकात उठून चालणाऱ्या प्रेताला जाळताना खुद्द जॉनचा हात भाजतो. म्हणजे रक्त हे चिलखत नाही.

मग वाचतो कसा? त्याचे प्रसंग तीन पेट्यांत टाकून बघा.

पहिली पेटी : आधी पेरलेलं कारण. 2016 च्या त्या लढाईत शेवटी मदतीला फौज येते, कारण सान्सानं आधीच पत्र धाडलेलं असतं. त्याआधी भिंतीवरच्या संकटात राजा स्टॅनिस सैन्यासह येतो, तेही पहारेकऱ्यांनी मदतीची पत्रं पाठवली म्हणून. स्टॅनिसकडे आलेलं पत्र वाचतो दावोस. हा एकेकाळचा तस्कर उतारवयात अक्षरं गिरवायला शिकलेला! प्राथमिक शिक्षक म्हणून मला हा धागा फार आवडतो. एक माणूस वाचायला शिकला आणि हजारो माईल दूर भिंतीवरची माणसं वाचली.

दुसरी पेटी : किंमत मोजून मिळालेलं. जॉनला त्याचेच सोबती भोसकतात. मालिकेत मेलिसांड्रे त्याला पुन्हा उठवते. याला नशीब कसं म्हणायचं? तो तिथं वाचलेला नाही, मेलेला आहे.

तिसरी पेटी : लेखकाची मेहेरबानी. घोडदळासमोरचे ते चुकणारे बाण इथंच टाकावे लागतात. सातव्या पर्वात जॉन बर्फाळ पाण्यातून बाहेर येतो आणि नेमक्या क्षणी मामा बेंजन घोडा घेऊन हजर होतो, तेही इथंच. इथं तक्रार करणाऱ्या प्रेक्षकांचं म्हणणं मला रास्त वाटतं.

कर्ण आठवला ना?

आपल्याकडे जन्माचं रहस्य आणि रणांगण म्हटलं की कर्णच डोळ्यांसमोर येतो. पण त्याचं उलट आहे. त्याला जन्मतःच कवचकुंडलं होती, ती त्याने दान केली, आणि ऐन युद्धात रथाचं चाक रुतलं. एक गोष्ट मात्र दोघांत सारखी. युद्धाआधी कृष्णानं जन्माचं सत्य सांगितलं, तरी कर्ण दुर्योधनाला सोडून गेला नाही. मालिकेत जॉनला सत्य कळतं, तरी 'मला सिंहासन नको' असंच तो म्हणत राहतो, आणि अखेर त्याची रवानगी पुन्हा उत्तरेकडेच होते.

हे आपल्या कामाचं का आहे?

गावात मुलाला पहिला प्रश्न असतो, 'कोणाचा रे तू?' शाळेतही आपण सहज बोलून जातो, 'अमक्याचा मुलगा ना, हुशार असणारच.' आणि दुसऱ्या एखाद्याला, 'ह्याच्या घरात कोण शिकलंय?' राजरक्त म्हणून वाचला, असं म्हणणारा प्रेक्षक हेच करत असतो. असं म्हटलं की सान्साचं पत्र, दावोसचं वाचन, जॉनची मेहनत सगळं पुसलं जातं.

वर्गात कसं घ्याल?

ही मालिका मोठ्यांसाठी आहे, मुलांना दाखवू नका. त्याऐवजी फास्टर फेणेची कोणतीही गोष्ट घ्या आणि मुलांना विचारा :

• बन्या संकटातून कसा सुटला? कारण गोष्टीत आधी कुठं आलं होतं?
• त्याला मदत कोणी केली? त्यांचं नाव आपल्या लक्षात राहिलं का?
• कुठं 'हे जरा जास्तच झालं' असं वाटलं? ते वाक्य दाखवा.

प्रत्येक उत्तराला पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवायला लावा. बोट ठेवता आलं नाही, तर तो अंदाज. अंदाज जरूर करू द्या, फक्त वहीत त्याच्यापुढे 'अंदाज' असं लिहायला सांगा.