बंदीच्या दिवसांतला लेसर

सकाळी 6:30

1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारीच्या यांत्रिक होड्यांना समुद्र बंद. दिवाळे गावात हे दोन महिने जाळी दुरुस्त करण्यात, होड्या रंगवण्यात आणि वर्षभर लांबवलेली दवाखान्याची कामं उरकण्यात जातात. खाडीतल्या छोट्या होड्यांतून चिंबोऱ्या-निवट्या येत असतात, पण बाजाराची घाई ओसरलेली असते. गावातून बेलापूरच्या दवाखान्याकडे चालत जाताना माझं लक्ष माणसांच्या चेहऱ्यांकडे जातं. त्वचेच्या डॉक्टरला ती सवयच लागते. वर्षानुवर्षं मासळीच्या पाटीमागे बसलेल्या बाईच्या कपाळावर पदराची रेघ उमटलेली असते. रेघेच्या वर रंग उजळ, खाली गडद. गालाच्या हाडांवर वांग, आणि उन्हात डोळे बारीक करून करून डोळ्यांच्या कोपऱ्यांत पडलेल्या सुरकुत्या. या चेहऱ्याला लेसर लावायचा की नाही, आणि लावायचा तर कुठल्या महिन्यात, हे ठरवण्यात माझा बहुतेक दिवस जातो. प्रत्यक्ष यंत्र चालतं ते जेमतेम अर्धा तास.

सकाळी 9:30

पहिल्याच पेशंट गावातल्या मावशी. भाचीच्या चेहऱ्यावरचे मुरुमांचे खड्डे लेसरने भरून आले, तसंच आपलं वांग काढून टाका, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना खिडकीजवळ बसवलं. चेहरा नैसर्गिक उजेडात बघितल्याशिवाय काही सांगायचं नाही, हा माझा नियम आहे.

खड्डा आणि वांग या दोन वेगळ्या गोष्टी. खड्ड्यात त्वचेचा आधार गेलेला असतो. तिथे लेसरने बारीक जखमा केल्या की शरीर नवं कोलॅजन तयार करतं. वांगात रंग तयार करणाऱ्या पेशीच बिथरलेल्या असतात. त्यांना उष्णतेचा धक्का दिला तर त्या आणखी रंग ओततात. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेचा हा स्वभावच आहे. चटका बसो, खरचटो, पुटकुळी फुटो, मागे काळा डाग राहतो. फिट्झपॅट्रिक या अमेरिकन डॉक्टरांनी 1975 मध्ये त्वचेचे प्रकार मांडले, ते ऊन लागल्यावर कातडी लाल होते की काळवंडते यावरून. आपल्यातले बहुतेक लोक त्या मोजपट्टीवर चौथ्या-पाचव्या प्रकारात बसतात. गोऱ्या कातडीवर ज्या जोराने लेसर चालतो, त्याच जोराने तो आपल्यावर चालवला तर काही आठवड्यांत चेहरा आधीपेक्षा काळा दिसू लागतो. तो डाग बहुतेक वेळा जातो, पण त्याला महिने लागतात, आणि तेवढे दिवस ती बाई आरशासमोर जात नाही. म्हणून वांगाला हा लेसर नाही, असं मी मावशींना स्पष्ट सांगितलं.

“मग काय लावू?” म्हणत त्यांनी पिशवीतून एक ट्यूब काढली. मेडिकलवाल्याने दिलेली, रंग उजळणारी. स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं तिन्ही एकत्र. भिंगातून गाल बघितला. कातडी कागदासारखी पातळ, खाली लाल केशवाहिन्यांची नक्षी, हनुवटीवर नको तिथे आलेली लव. स्टिरॉइडची कितीतरी मलमं 2018 पासून डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, तरी ती घराघरात आहेत. याचा मला मनापासून राग येतो. अशा पातळ झालेल्या त्वचेवर लेसर लावणं म्हणजे जखम ओढवून घेणं. ट्यूब सोडली की पहिले काही आठवडे चेहरा लाल होतो, आग होते, पुटकुळ्या येतात. घाबरून पुन्हा तीच ट्यूब लावायची नाही, हे मी कागदावर लिहून दिलं आणि पंधरा दिवसांनी बोलावलं.

सनस्क्रीनचं नाव काढल्यावर मावशी म्हणाल्या, “बाय, मना उन्हान बसाला लागतं, छत्री कोन धरील?” प्रश्न रास्त आहे. वांगाला नुसतं अतिनील किरणांपासून जपून भागत नाही, साधा दिसणारा प्रकाशही सावळी त्वचा काळवंडवतो. म्हणून आयर्न ऑक्साइड घातलेली, रंगाची छटा असलेली सनस्क्रीन मी लिहून देते. बाजारात बसायची जागा बदलून घेता आली, निदान दुपारची सावली मिळाली, तर अर्धं औषध तिथेच झालं.

दुपारी 12:00

पुढचा पंचविशीतला मुलगा, गालभर मुरुमांचे खड्डे. दोन बोटांनी त्याची कातडी ताणून बघितली. जे खड्डे ताणल्यावर सपाट होतात, ते खालून दोऱ्यांनी ओढलेले असतात. ते दोरे आधी सुईने सोडवावे लागतात, वरून कितीही लेसर मारला तरी ते उठत नाहीत. जे खड्डे अरुंद आणि खोल, टोच्याने भोसकल्यासारखे, त्यांत तीव्र ॲसिडचा थेंब टाकणं जास्त उपयोगी. उरलेल्या उथळ, रुंद खड्ड्यांना बारीक भोकं पाडणारा फ्रॅक्शनल लेसर चांगला. “चेहरा गुळगुळीत होईल ना?” असं त्याने विचारलं. सुधारणा होईल, खड्डे उथळ होतील, गुळगुळीत होणार नाही, असं मी सांगितलं. हे वाक्य पैसे भरण्याआधी ऐकायला मिळायला हवं.

मग प्रश्नांची फैर. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेतोस का? पूर्वी गोळी थांबवल्यावर सहा महिने लेसर नाहीच, असा दंडक होता. 2017 मध्ये त्वचारोगतज्ज्ञांनी पुरावे नव्याने तपासले आणि फ्रॅक्शनल लेसरसाठी इतकं थांबायची गरज नाही असं मत पुढे आलं. पूर्ण थर सोलणाऱ्या लेसरसाठी मात्र थांबायचंच. जखमेचा व्रण कधी फुगून गाठीसारखा झालाय का? हे विचारून मी त्याला शर्ट काढायला लावला, कारण अशा गाठी छातीवर आणि खांद्यावर सापडतात आणि माणूस त्या विसरलेला असतो. घरात कोणाला कोड? मधुमेह? रक्त पातळ करायची गोळी? तंबाखू, सिगारेट? बायकांना गरोदरपणाबद्दल आणि मशेरीबद्दलही विचारते. निकोटिनने जखम भरायला उशीर होतो. आणि शेवटी, ताप आल्यावर ओठाच्या कडेला पाण्याचे फोड येतात का? तो विषाणू नसांत दबा धरून असतो आणि लेसरने जागा होतो. येत असतील तर विषाणूची गोळी आदल्या दिवसापासून सुरू करावी लागते.

त्याच्या कानापुढे नखाएवढ्या जागी चाचणी म्हणून लेसर लावला. आता चार ते सहा आठवडे वाट बघायची. तिथे काळं पडलं नाही तरच चेहरा.

दुपारी 3:00

आज लेसरची एकच बैठक. पेशंट कोळीवाड्यातलीच, चाचणी एप्रिलमध्ये झालेली, तेव्हापासून सनस्क्रीन नेमाने सुरू. उन्हात काम करणाऱ्यांसाठी मी असाच हिशोब धरते. तयारी उन्हाळ्यात, बैठक जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, म्हणजे बाजार पुन्हा भरेपर्यंत हाताशी दीड महिना राहतो. एकूण तीन-चार बैठका लागतात. दुसरी बंदीतच उरकून घ्या असा आग्रह बरेच जण धरतात, पण मी तयार होत नाही. ढगांतूनही अतिनील किरण येतात, आणि कोवळ्या कातडीने ऑगस्टमध्ये पाटीमागे बसणं धोक्याचं.

बधिर करणारं मलम लावून वर प्लॅस्टिक, पाऊण तास. मग ते पुसून चेहरा पूर्ण कोरडा करायचा. पुसताना वापरलेल्या स्पिरिटचा ओलावा राहिला तर तो पेट घेऊ शकतो. डोळ्यांवर धातूच्या वाट्या, आमच्या डोळ्यांना चष्मे, तोंडाला मास्क, शेजारी धूर ओढणारी नळी. ही कार्बन डायऑक्साइड लेसरची किरणं डोळ्यांना दिसत नाहीत, नेम धरायला वेगळा लाल ठिपका असतो. त्यांची तरंगलांबी 10,600 नॅनोमीटर, पाण्यात चटकन शोषली जाणारी, आणि त्वचेत पाणीच जास्त. हा लेसर 1964 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये कुमार पटेल यांनी शोधला. त्यांचा जन्म 1938 चा, बारामतीचा, आणि इंजिनिअरिंगची पदवी पुण्याची. बेडवर घाबरून पडलेल्या पेशंटला मी हे सांगते, तेवढाच तिचा श्वास सैल होतो.

सुरुवातीच्या काळात या लेसरने अख्खा थर सोलत. 2004 मध्ये फ्रॅक्शनल पद्धत मांडली गेली आणि सावळ्या त्वचेसाठी दार उघडलं. यात जाळ्याच्या आसांसारखी बारीक भोकं पडतात आणि मधला धागा शाबूत राहतो. त्या शाबूत कातडीतूनच जखम भरते. टक टक आवाज, जळक्या केसांचा वास, गार हवेचा झोत. वीस मिनिटांत काम झालं. चेहरा लालबुंद, सुजलेला. पुढे तपकिरी ठिपक्यांची खपली, ती पाच-सात दिवसांत आपोआप सुटते. नखाने काढायची नाही. कोमट पाण्याने धुवायचं, साधं पेट्रोलियम जेलीचं मलम लावायचं, साय-हळद-बेसन काही नाही. लाली काही आठवडे राहते, आणि खरा फरक तीन ते सहा महिन्यांत दिसतो.

संध्याकाळी 6:00

डिसेंबरात लग्न असलेली मुलगी आणि तिची आई. नोव्हेंबरमध्ये लेसर करू म्हणतात. मी नाही म्हटलं. शेवटची बैठक लग्नाच्या निदान तीन महिने आधी व्हावी. आईने सांगितलं, एका ठिकाणी स्वस्तात करून देणार आहेत. तिथे जा, पण विचारून घ्या, असं मी म्हटलं. यंत्र हातात कोण धरणार? त्याची त्वचारोगाची पदवी आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक भिंतीवर आहे का? कुठला लेसर? चाचणी करणार का? आधीचे फोटो काढणार का? रात्री त्रास झाला तर फोन कोण उचलणार? सगळ्या बैठकांचा आणि मलमांचा मिळून खर्च लिहून देणार का?

रात्री 9:15

चार दिवसांपूर्वी लेसर केलेल्या वहिनींचा फोन. सूज उतरली, पण ओठाजवळ कालपासून दुखणं वाढलंय, उद्या येऊ का? दुखणं दिवसागणिक कमी व्हायला हवं. वाढलं तर गडबड आहे. “उद्या नको, आत्ता या,” म्हटलं आणि किल्ली घेऊन निघाले. ओठाच्या कोपऱ्यात पाण्याच्या बारीक फोडांचा पुंजका होता. त्यांच्या कागदावर ओठावरच्या फोडांपुढे ‘कधीच नाही’ लिहिलेलं. नवरा शेजारी उभा होता, तो म्हणाला, “अगं, मुलीच्या बारशाला आले होते ना तुला?” विषाणूची गोळी तिथेच सुरू केली, डोळ्याजवळ काही नाही ना ते तपासलं, आणि सकाळी दहाला पुन्हा बोलावलं.