विसरण आणि आकृतिबंध

पाण्यात शाईचा थेंब सोडला असता काही काळाने तो सर्वत्र पसरून पाण्याचा रंग एकसारखा होतो. या क्रियेस आपल्या परिभाषेत ‘विसरण’ म्हणतात. ही संज्ञा ‘सृ’ या धातूपासून सिद्ध झालेली आहे. ‘विसरणे’ हे मराठी क्रियापद ‘स्मृ’ या निराळ्या धातूपासून प्राकृताच्या द्वारे आलेले आहे. तथापि दोहोंचे रूप एक झाल्यामुळे, विसरण म्हणजे भेदांचा विसर पडणे, अशी समजूत सहज होते. ती कोठे अपुरी पडते, हे येथे पाहावयाचे आहे.

१९५२ साली ॲलन ट्यूरिंग यांनी सजीवांच्या आकारनिर्मितीच्या रासायनिक पायाविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. जी रासायनिक व्यवस्था ढवळत ठेवली असता स्थिर राहते, तीच विसरणामुळे अस्थिर होऊ शकते, असे त्यांनी गणिताने दाखविले. समजा, एक द्रव्य स्वतःची वाढ घडवून आणते व त्याबरोबर आपल्या निरोधकासही जन्म देते. या द्रव्यास प्रवर्तक म्हणू. निरोधक पुष्कळ अधिक वेगाने पसरत असेल, तर जेथे प्रवर्तक यदृच्छेने किंचित वाढला तेथून तो लवकर दूर जातो. परिणामी तेथे प्रवर्तकाची वाढ चालू राहते, आणि भोवताली पसरलेला निरोधक जवळपास दुसरा ठिपका उठू देत नाही. अशा रीतीने ठरावीक अंतरावर ठिपके अथवा पट्टे उमटतात. हे अंतर मुख्यतः अभिक्रियांच्या वेगांवर व विसरणगुणांकांवर अवलंबून असते.

प्रयोगात मात्र मोठी अडचण होती. पाण्यात लहान रेणूंचे विसरणगुणांक बहुधा जवळजवळ सारखेच असतात. ट्यूरिंग १९५४ साली निवर्तले. प्रायोगिक पुरावा १९९० साली फ्रान्समधील बोर्दो येथे मिळाला. तेथे जेलमध्ये क्लोराइट, आयोडाइड व मॅलोनिक आम्ल यांचा पुरवठा अखंड चालू ठेवला असता, सुमारे ०.२ मिलिमीटर अंतरावर स्थिर ठिपक्यांच्या ओळी दिसल्या. अभिक्रियेचा रंग स्पष्ट दिसावा म्हणून जेलमध्ये स्टार्चसारखा सूचक मिसळलेला होता. आयोडीन व आयोडाइड यांना बांधून ठेवून प्रवर्तकाची गती मंद करणारा हाच घटक होय, असे स्पष्टीकरण लेंग्येल व एप्स्टाइन यांनी पुढे दिले.

प्राण्यांच्या अंगावरील प्रत्येक पट्टा याच रीतीने उमटतो, असे यावरून सिद्ध होत नाही. त्यासाठी प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र पुरावा हवा. एवढे मात्र निश्चित, की विसरण एकटे असता भेद मिटविते. योग्य अभिक्रियेच्या संगतीत तेच भेद निर्माण करते. म्हणून पारिभाषिक संज्ञेचा अर्थ तिच्या रूपावरून न घेता तिच्या व्याख्येवरून घ्यावा, हे उत्तम.