पुंगळी घासावी किती?

काडतुसाचे भाग चार. पुढे गोळी, आत दारू, तळाशी ठिणगी देणारा प्रायमर आणि या तिघांना एकत्र धरणारी पितळेची पुंगळी. चाप ओढला की पहिले तीन संपतात. पुंगळी मात्र जवळजवळ जशीच्या तशी पायाशी येऊन पडते. अमेरिकेत नेमबाजीचा नाद असलेली असंख्य माणसे या पुंगळ्या वेचून घरी नेतात, साफ करतात, साच्यात दाबून मूळ मापावर आणतात आणि पुन्हा भरतात. आपल्याकडे दारूगोळा तयार करणे ही १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याची बाब आहे, त्यामुळे हा उद्योग घराघरांत दिसत नाही. तरीही त्यातला एक प्रश्न मराठी वाचकाला परका वाटू नये, कारण तो पितळेचा आहे. पितळेची भांडी चिंचेने नाहीतर पितांबरीने घासून लख्ख करणाऱ्या घरांत ‘चकचकीत म्हणजे स्वच्छ’ हे गृहीतच असते. पुंगळीच्या बाबतीत हे गृहीत चुकीचे ठरते. तिथे घासण्याचा हेतू खडा आणि काजळी काढणे, साचा वाचवणे आणि धातूतला दोष डोळ्यांना दिसू देणे एवढाच असतो. त्यापलीकडची चकाकी निरुपयोगी, आणि ती मिळवण्याचे काही मार्ग तर धातूच्या मुळावर येणारे आहेत.

याचा सर्वांत बोलका पुरावा भारतातलाच आहे. ब्रिटिश अमदानीत पावसाळ्यात लष्करी हालचाली मंदावत आणि काडतुसांचा साठा घोड्यांच्या पागांमध्ये ठेवला जाई. पाऊस सरल्यावर पेट्या उघडल्या की कित्येक पुंगळ्यांना तडे गेलेले आढळत. कुणी त्या आपटलेल्या नव्हत्या, कुणी त्यांवर भार टाकलेला नव्हता. नुसत्या ठेवल्या ठेवल्या त्या फाटत होत्या. या विकाराला इंग्रजीत ‘सीझन क्रॅकिंग’ असे नाव पडले, पण त्याचे कारण कळायला १९२१ साल उजाडावे लागले. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तीन संशोधकांनी दाखवून दिले की दोष एकट्या पितळेचा नाही आणि एकट्या हवेचाही नाही. घोड्यांच्या मुतातून अमोनिया सुटत होता, पावसाळी दमटपणा त्याला पुंगळीच्या पृष्ठभागावर टिकवून धरत होता, आणि पुंगळीच्या अंगात ती घडवतानाचा ताण कोंडलेला होता. तिन्ही एकत्र आले की पितळेच्या कणाकणांमधली सीमा झिजत जाई आणि आतला ताण ती भेग उसवत नेई.

हा कोंडलेला ताण येतो कुठून? पुंगळीचे पितळ म्हणजे सुमारे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त. त्याची चकती आधी वाटीसारखी दाबतात, मग ती वाटी ठोकळ्यांतून पुन्हा पुन्हा ओढत लांब नळी करतात. खडकीचा १८६९ सालचा दारूगोळा कारखाना असो की जगातला दुसरा कुठलाही, तत्त्व हेच. थंड धातू असा ओढला की तो कडक होतो आणि त्याच्या अंगात ताण साठतो. म्हणून मधून मधून त्याला तापवून मऊ करावे लागते. १९२१ नंतर या तापवण्याला वेगळेच महत्त्व आले. अमेरिकी लष्कराच्या रायफल काडतुसांवर मानेजवळ निळसर तपकिरी डाग दिसतो, तो या तापवण्याचा. बाजारात विकायच्या काडतुसांवरून कारखाने तो घासून काढतात, कारण गिऱ्हाइकाला पिवळेधमक पितळ आवडते. लष्कर मात्र तो डाग मुद्दाम राहू देते. तापवण्याचे काम झाले आहे याची ती खूण असते. ज्या संस्थेचे जीवनमरण काडतुसावर अवलंबून आहे तिला चकाकीपेक्षा डाग मोलाचा वाटतो, ही गोष्ट माझ्या मते पुष्कळ काही सांगून जाते.

आता घरी पुन्हा भरल्या जाणाऱ्या पुंगळीकडे पाहू. नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलाचे उदाहरण घेऊ, कारण पिस्तुलाच्या काडतुसांत तेच जगभर सर्वाधिक चालते. ते झाडताना आतला दाब हवेच्या दाबाच्या सुमारे २,४०० पटींपर्यंत जाऊ शकतो. त्या दाबाने पुंगळी फुगते, चेंबरच्या, म्हणजे बंदुकीत काडतूस बसते त्या कप्प्याच्या, भिंतीला घट्ट टेकते आणि वायूला मागे येऊ देत नाही. दाब ओसरला की पितळ आपल्या लवचिकपणाने थोडे आकसते, म्हणूनच ती बाहेर निघते. पण ती पुरती आकसत नाही. काही शतांश मिलिमीटर फुगलेली ती पुंगळी साच्यात, म्हणजे डायमध्ये, दाबून मूळ मापावर आणावी लागते. म्हणजे प्रत्येक फेरीत धातू एकदा ताणला जातो आणि एकदा दाबला जातो. तो दर खेपेला थोडा कडक होतो, दर खेपेला त्यात थोडा ताण कोंडतो. पागेतल्या पुंगळीची जी अवस्था, तीच हिची. अशा पुंगळीवर अमोनिया असलेले पितळ-पॉलिश चोळणे म्हणजे पागेची हवा बाटलीत भरून घरी आणणे होय. पंधरा टक्क्यांहून अधिक जस्त असलेल्या पितळेला अमोनियाचे वावडे असते. देवघरातल्या समईला त्या पॉलिशने सहसा काही होत नाही, कारण समईला दर खेपेला २,४०० पट दाब सोसायचा नसतो.

मग घासायचे कशासाठी? पहिले कारण कठीणपणाचे. जमिनीवरून वेचलेल्या पुंगळीला वाळूचे कण चिकटलेले असतात, आणि वाळू पोलादालाही ओरखडा पाडू शकते. असा एक कण डायमध्ये रुतला की नंतरच्या शेकडो पुंगळ्यांच्या अंगावर तीच उभी रेघ उमटत राहते. दुसरे कारण पाहणीचे: काजळीच्या थराखाली तोंडाजवळची बारीक चीर लपते. ही दोन्ही कामे साध्या घासण्याने भागतात. अक्रोडाच्या कवचाचा किंवा दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाचा कोरडा भरडा थरथरणाऱ्या भांड्यात घालून त्यात पुंगळ्या तास-दोन तास घोळवल्या की खडा जातो, काजळी जाते, पितळ मंद पिवळे दिसू लागते. ओल्या पद्धतीत पाणी, थोडा साबण, चिमूटभर सायट्रिक आम्ल आणि स्टेनलेस स्टीलच्या बारीक सळ्या फिरत्या पिंपात घालतात. लिंबाने तांब्याचा कळंक जातो तीच ही क्रिया. तिने पुंगळी आतून-बाहेरून नव्यासारखी होते, अगदी प्रायमरची खाचसुद्धा.

इथेच अतिरेकाची वाट सुरू होते. आम्ल जास्त झाले किंवा पुंगळ्या त्यात फार वेळ राहिल्या, तर पृष्ठभागावरचे जस्त निघून जाते आणि पितळ गुलाबी पडते. पिंप तासन्तास फिरले तर पुंगळ्या एकमेकींवर आपटून त्यांच्या तोंडाची कड ठेचली जाते. आणि एक परिणाम सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही: तोंडाच्या आतली काजळीची पातळ पुटी हे एक प्रकारचे वंगणच असते. ती पुरती खरवडून काढली की तोंड किंचित उमलवणारा दट्ट्या पितळेला अडकतो आणि उपटून काढावा लागतो. आधी पुटी घासून घालवायची आणि मग तीच उणीव भरायला वंगण लावायचे, असा हा उफराटा व्यवहार.

या म्हणण्यावर एक वजनदार आक्षेप आहे आणि तो शिशाचा आहे. आजच्या बहुतेक प्रायमरमध्ये शिशाचे संयुग असते आणि झाडलेल्या पुंगळीतल्या काजळीत ते उरते. मग ती काजळी जितकी निघेल तितके बरे नाही का? आक्षेप खरा आहे, पण तो पद्धतीबद्दल आहे, चकाकीबद्दल नाही. कोरड्या भरड्याची धूळ उघड्या भांड्यातून उडून श्वासात जाणे हा खरा धोका. भांडे झाकलेले असणे, भरडा चाळण्याचे काम उघड्या हवेत करणे आणि नंतर हात साबणाने धुणे यांनी तो बराच कमी होतो. ओल्या पद्धतीत धूळ उडत नाही हा तिचा मोठा गुण मी मान्य करतो. फक्त ते काळे पाणी शिसे घेऊन बाहेर पडते, हेही विसरता कामा नये. जुन्या काळी तर बंदुकीची नळी पाण्याने धुण्याला आणखी सबळ कारण होते. तेव्हाच्या प्रायमरमधल्या पोटॅशियम क्लोरेटमुळे मागे क्षार राहत, ते हवेतला दमटपणा ओढून घेत आणि नळी गंजवत. मिठासारखा पदार्थ पाण्यानेच निघतो. त्या धुण्याचा हेतूही चकचकीतपणा नव्हता.

वंगणाची गोष्टही अशीच मोजमापाची आहे. काडतूस आणि वंगण म्हटले की आपल्याला १८५७ आठवते. पण ती चरबी कागदी काडतुसाची होती. इथले वंगण पुंगळीच्या बाहेरच्या अंगाला, आणि तेही साच्यात जाण्यापुरते. कोरडे पितळ पोलादाच्या डायमध्ये दाबले तर दोन धातू एकमेकांना धरतात, पुंगळी आत रुतून बसते आणि ओढताना तिच्या बुडाची कड तुटते. म्हणून पोलादी डायला वंगण हवेच. पिस्तुलाच्या सरळ पुंगळ्यांसाठी तोंडाशी टंगस्टन कार्बाइडचे कडे बसवलेली डाय मिळते. तिचा पृष्ठभाग इतका कठीण आणि गुळगुळीत असतो की पितळ तिला धरत नाही. ‘मग वंगण कशाला?’ हा प्रश्न त्यातून येतो. उत्तर असे की सक्ती नाही, फायदा आहे. नऊ मिलिमीटरची पुंगळी दिसायला सरळ असली तरी बुडापासून तोंडाकडे किंचित निमुळती असते, त्यामुळे ती दाबायला जोर लागतो. मेंढीच्या लोकरीतले लॅनोलिन अल्कोहोलमध्ये विरघळवून त्याचा हलका फवारा मारला आणि अल्कोहोल उडून जाऊ दिले, की तो जोर स्पष्ट कमी होतो. फवारा मात्र ओला असताना घाई करू नये; दारू आणि प्रायमर यांना ओलावा आणि तेल दोन्ही बाधतात.

वंगण लावणे जितके महत्त्वाचे तितकेच ते पुसणे. ‘राहिले थोडे तर काय बिघडते, आत सरकायला मदतच होईल,’ असे म्हणणाऱ्यांना इतिहासातला आधारही सापडेल. ऑस्ट्रियाच्या श्वार्त्सलोझे मशीनगनच्या सुरुवातीच्या नमुन्यांत काडतुसांना तेल लावणारा पंपच होता, आणि अमेरिकेच्या पेडरसन रायफलची काडतुसे मेणाचा पातळ लेप देऊन बनवलेली असत. पण त्या बंदुका त्या लेपासाठीच आखलेल्या होत्या. एरवी कोरडी पुंगळी चेंबरच्या भिंतीला धरते आणि दाबाचा काही भार स्वतःवर घेते. तेलकट पुंगळी घसरते, आणि तो भार चेंबर मागून बंद करणाऱ्या लोखंडावर जातो. शिवाय तेलकट अंगावर पुन्हा तीच वाळू चिकटते जी काढण्यासाठी सारा खटाटोप केला. फडक्याने पुसावे, नाहीतर प्रायमर आणि दारू भरण्याआधी पुंगळ्या थोडा वेळ पुन्हा भरड्यात घोळवाव्यात.

पुसलेल्या पुंगळ्या उजेडात धरून तोंडाची कड पाहतात. आणि डोळ्यांना जे सुटते ते कधी कधी कानाला सापडते. मूठभर पुंगळ्या ओंजळीत घेऊन हलवल्या की धड पितळ खणखणते. त्यातच एखादी बद्द वाजते, तडा गेलेल्या माठासारखी. मग एकेक बाजूला काढत ती नेमकी शोधायची, आणि ती कितीही लखलखीत दिसली तरी मोडीत टाकायची.