तुतारीच्या फुलांसाठीं सावलीचें घर



थंड देशांतील बागवान नाजूक झाडांसाठीं कांचेचें घर बांधतो. बाहेर हिम पडत असतां आंत ऊब राखणें हा त्याचा हेतु. आमच्या पिंप्राळ्यांत मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर जातो. येथें कांचेचें घर म्हणजे भट्टीच! तेव्हां त्याच झाडाला येथें सावलीचें घर हवें.

हें झाड म्हणजे ब्रुगमान्सिया. इंग्रज त्यास 'एंजल्स ट्रंपेट', म्हणजे देवदूताची तुतारी, म्हणतात. मूळचें तें दक्षिण अमेरिकेंतलें, आणि आपल्या धोतऱ्याचें सोयरें. धोतऱ्याचें फूल वर तोंड करून उमलतें, फळाला कांटे असतात. ब्रुगमान्सियाचें फूल खालीं लोंबतें आणि फळ गुळगुळीत असतें. अँडीज पर्वतांतील जातींना थंड रात्री लागतात. खानदेशासाठीं ब्राझीलच्या किनाऱ्याकडील 'सुआविओलेन्स' ही जात निवडावी. हिचा सुगंध तिन्हीसांजेला दरवळूं लागतो, कारण तो रात्रीं हिंडणाऱ्या पतंगांना बोलावण्यासाठीं असतो.

सावलीचें घर अगदीं साधें असतें. पूर्वेकडील भिंतीलगत बांबू उभे करून वर तुराट्या किंवा हिरवी जाळी घालावी. सकाळचें ऊन मिळावें, दुपारचें अडावें. आपली काळी माती पाणी धरून ठेवते. म्हणून तींत वाळू आणि कुजलेलें शेणखत मिसळून मोठी कुंडी भरावी. उन्हाळ्यांत सकाळ-संध्याकाळ पाणी द्यावें, पावसाळ्यांत मात्र तें सांचूं देऊं नये. कोरड्या हवेंत पानांखालीं बारीक लाल कोळी पडतात; त्यांवर पाण्याचा फवारा मारावा.

छाटणींत एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. खोडाला प्रथम दुबेळकें फुटतें, आणि फुलें त्याच्या वरच येतात. त्याखालीं छाटल्यास फुलांसाठीं पुन्हां वाट पाहावी लागते. दुबेळक्यावरील फांदी लाविली तर तें रोप ठेंगणें असतांच फुलतें.

आतां सर्वांत महत्त्वाचें. या झाडाचें पान, फूल, बीं, सर्व कांहीं विषारी आहे. अॅट्रोपीन, स्कोपोलॅमीन हीं द्रव्यें त्यांत असतात. पोटांत गेल्यास तोंड कोरडें पडतें, बाहुल्या विस्फारतात, माणूस भ्रमिष्टासारखें बडबडतो, आणि प्राणावरही बेततें. घरांत रांगतें मूल किंवा अंगणांत गुरें असतील तर हें झाड लावूंच नये. छाटणीनंतर हात धुतल्यावांचून डोळ्यांस लावूं नयेत. कोणीं कांहीं खाल्लें तर घरगुती उपाय न करतां तडक इस्पितळ गांठावें.

मग एवढी यातायात कशासाठीं? २०१४ सालीं या वंशाच्या जाती रानांतून नष्ट झालेल्यांच्या जागतिक यादींत नोंदल्या गेल्या. आज त्या जगल्या आहेत त्या माणसानें लावलेल्या फांद्यांमुळेंच. जाणतेपणानें एक कुंडी सांभाळणें हेंही त्या वंशाचें रक्षणच होय.