हरेगाव : कंपनीच्या मळ्यात

सणसवाडीहून नगर रस्त्याला लागायचं, शिरूर, अहिल्यानगर, राहुरी मागे टाकत श्रीरामपूर गाठायचं. रेल्वेने यायचं तर दौंड-मनमाड मार्गावर तिकीट मात्र बेलापूरचं काढावं लागतं. शहराचं नाव बदललं, स्टेशनचं नाही. तिथून जवळच हरेगाव. महाराष्ट्रातल्या जुन्यात जुन्या साखर कारखान्यांपैकी एक, बेलापूर कंपनीचा, इथला.

कंपनी १९१९ ची. इंग्रज सरकारने प्रवरेवर भंडारदऱ्याचं धरण १९१० मध्ये हाती घेतलं होतं, ते १९२६ मध्ये पुरं झालं. प्रवरेचे कालवे निघाले, पण बाजरी-ज्वारी पिकवणाऱ्याला उसाचा खर्च झेपेना. बेणं, खत, मजुरी सगळी रोखीची, आणि रोकड सावकाराकडे. कालव्याचा खर्च भरून निघायचा तर पाण्याला मोठं गिऱ्हाईक हवं होतं. ते कंपनीच्या रूपाने मिळालं.

गिऱ्हाइकाला जमीनही हवी होती. आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांची रानं खंडाने कंपनीकडे गेली. ज्याची जमीन, तोच पुढे कंपनीच्या मळ्यात रोजंदारीवर आला, अशी घरं या भागात कमी नाहीत. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने कंपन्यांची जास्तीची जमीन सरकारने घेतली तेव्हा शेतकऱ्यांना वाटलं, आता ती परत मिळेल. पण १९६३ मध्ये शेती महामंडळ आलं आणि सातबाऱ्यावर कंपनीची जागा महामंडळाने घेतली. जमीन खंडाने दिलेल्या या खंडकऱ्यांनी मोर्चे काढले, कोर्टकचेऱ्या केल्या. प्रत्यक्ष जमीनवाटप सुरू व्हायला २०१२ उजाडलं. लढा सुरू करणारे कितीतरी जण तोवर गेले होते.

हे ठाऊक असेल तरच हरेगावची पडझड नीट दिसते. कारखान्याचं गाळप थांबून दशकं लोटली. भिंतीच्या सांध्यांत पिंपळाने मुळं रोवली आहेत, त्यांनी विटा फाकवल्यात. चुन्याला बोट लावलं की भुकटी होते. साहेबांचे बंगले ओस आहेत. गावात वर्दळ पाहायची तर सप्टेंबरात, मतमाउलीच्या, म्हणजे मदर मेरीच्या, यात्रेला यावं. लांबलांबून भाविक येतात.

परतताना लोणीवरून या. त्याच प्रवरेच्या पाण्यावर, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला. तिथे ऊसही शेतकऱ्याचा आणि भागही त्याचाच. कंपनीचा मळा शेजारी पाहिलेल्या मुलखातच ही कल्पना रुजली, हा मला योगायोग वाटत नाही.

हरेगावात जे उभं उरलंय ते सरकारने जपावं. आणि फलक लावायची वेळ येईल तेव्हा कंपनीच्या नावाखाली, ज्या गावांच्या जमिनी गेल्या त्यांचीही नावं लिहावीत.