पेनड्राइव्हपासून लॉकफाइलपर्यंत

दहा-बारा वर्षांपूर्वी, तेव्हाच्या औरंगाबादच्या औरंगपुऱ्यात, सरस्वती भुवन महाविद्यालयाच्या आसपास, संख्याशास्त्राची मुलं ‘आर’ ही प्रोग्रामिंग भाषा शिकली ती पेनड्राइव्हच्या जिवावर. नेट महाग आणि संथ. म्हणून कुणीतरी एकदाच आरचा इन्स्टॉलर आणि लागणाऱ्या पॅकेजेसच्या झिप फाइली उतरवून ठेवायचा आणि तोच पेनड्राइव्ह वर्गभर फिरायचा. सगळ्यांच्या मशीनवर एकच आवृत्ती, त्यामुळे मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांच्या पावसाचं विश्लेषण कुणीही चालवलं तरी उत्तर एकच. ही केवढी मोठी गोष्ट होती, ते तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं. ज्याला हवं तेव्हा ज्यानं त्यानं पॅकेज उतरवावं, अशी सोय झाली आणि तिथूनच उत्तरं जुळेनाशी झाली. एप्रिल 2019 च्या आर 3.6.0 मध्ये यादृच्छिक नमुना निवडण्याची पद्धत बदलली. जुन्या पद्धतीत दोष होता, बदल योग्यच होता. पण सीड तोच देऊनही नमुन्यात वेगळे तालुके येऊ लागले. वर्षभरात 4.0.0 आलं. सीएसव्ही वाचताना मजकुराच्या स्तंभाचा आपोआप फॅक्टर होणं त्यात थांबलं. तालुक्यांच्या ‘लेव्हल्स’ मागणारी जुनी ओळ आता ‘नल’ देते, एरर देत नाही. मला याचीच जास्त भीती वाटते. एरर आली तर माणूस थांबतो तरी. चुकीचा तक्ता मुकाट्यानं प्रबंधात जाऊन बसतो.

पायथनवाल्यांची गतही तीच. एप्रिल 2023 च्या पांडाज 2.0 मधून डेटाफ्रेमचं ‘अपेंड’ गेलं आणि कितीतरी जुन्या नोटबुका बंद पडल्या.

उपाय नव्हते असं नाही. आधी पॅकरॅट, मग 2019 पासून आरएन्व्ह. कोणत्या पॅकेजची कोणती आवृत्ती वापरली, हे आरएन्व्ह लॉकफाइलमध्ये लिहून ठेवतं आणि ‘रिस्टोअर’ म्हटलं की दुसऱ्या मशीनवर तोच संच उभा करतं. आरची आवृत्तीही त्यात नोंदलेली असते, पण ती आपली आपण बसवावी लागते. तेवढ्यासाठी अनेक जण डॉकरकडे वळले. पवईच्या आयआयटीत प्रभू रामचंद्रन यांनी ‘ऑटोमॅन’ लिहिलं, ते शोधनिबंधातली सगळी गणितं आणि आलेख पुन्हा जसेच्या तसे काढता यावेत म्हणूनच. मात्र दुसऱ्याच्या साठ्यावर सगळा भार टाकणंही बरं नाही. आरच्या पॅकेजेसचं भांडार म्हणजे क्रॅन; मायक्रोसॉफ्ट त्याची रोजची प्रत जपत असे. 1 जुलै 2023 ला ती सोय बंद झाली आणि त्या पत्त्यावर विसंबलेल्या स्क्रिप्टा अडकल्या.

साधनं आता फुकट आहेत, नेटही आहे. कमी आहे ती सवयीची. यंदा प्रोजेक्ट देणाऱ्यांनी डेटा आणि कोडबरोबर लॉकफाइल जोडावी. आणि परीक्षकांनो, गुण देण्याआधी ते प्रोजेक्ट आपल्या मशीनवर एकदा चालवून पाहा.