फाट्यापर्यंतची गाडी

मागच्या महिन्यात दुपारची भांडी आवरून जरा टेकते, तोच शेजारच्या वहिनी आल्या. हातात लेकीचं नेमणूकपत्र, पण चेहऱ्यावर आनंद नाही. "ताई, पोरीला एमआयडीसीतल्या औषध कंपनीत नोकरी लागली. पण महिन्यातला एक आठवडा रात्रपाळी आहे म्हणे. लोक काय म्हणतील? नको म्हणून कळवू का?"

मी पडले कला शाखेची. सूक्ष्मजीव म्हटलं की मला विरजण तेवढं आठवतं! म्हणून आधी मुलीलाच बोलावलं. ती म्हणाली, "मावशी, औषधात जंतू नाहीत ना, हे तपासायचं काम आहे. कारखाना रात्रीही चालतो, मग तपासणी कशी थांबेल? मला रात्रीची भीती नाही. पण कंपनीची गाडी फाट्यापर्यंतच येते. तिथून घर दोन किलोमीटर, तेही अंधारात."

म्हणजे अडचण नोकरीत नव्हती, फाट्यावर होती.

मला कमला सोहोनी आठवल्या. दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण. १९३३ साली मुंबई विद्यापीठात बी.एस्सी.ला पहिली आली, तरी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई मागे हटल्या नाहीत. अखेर प्रवेश मिळाला, तोही अटींवर. पहिलं वर्ष पारखून बघणार, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंत काम करायचं आणि प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडवायचं नाही! त्यांनी दूध, डाळी, कडधान्यं यांतल्या प्रथिनांवर काम केलं, १९३९मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. त्यांच्यामुळे त्या संस्थेचं दार इतर मुलींनाही उघडलं.

पुढे १९४८च्या कारखाना कायद्यानं बायकांना संध्याकाळी सात ते सकाळी सहा कारखान्यात काम करायला मनाई केली. गंमत बघा, एकीकडे रात्री थांबण्याची अट, दुसरीकडे रात्रीची बंदी. बाईला विचारलं कुणी? ही बंदी हळूहळू सैल झाली. नोव्हेंबर २०२५मध्ये लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत बाईची संमती आणि सुरक्षेची सोय, या दोन्ही गोष्टी आल्या आहेत.

तुम्ही म्हणाल, औषध कंपनीत बाई असली काय, नसली काय! पण मैत्रिणींनो, औषध आपल्याही पोटात जातं. अमेरिकेत १९७७पासून मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळत. हेतू पोटातल्या बाळाच्या काळजीचा होता. १९९३मध्ये हे धोरण बदललं. तिथेच झोल्पिडेम या झोपेच्या औषधाची स्त्रियांसाठीची मात्रा २०१३मध्ये १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणली. स्त्रीच्या शरीरातून ते सावकाश बाहेर पडतं, सकाळी गाडी चालवताना धोका होऊ शकतो. औषध बाजारात येऊन तोवर वीस वर्षं झाली होती! बाईचं शरीर वेगळं मोजावं लागतं, हे लक्षात यायला केवढा उशीर.

तर आमच्या मुलीनं नोकरी घेतली. त्याच रस्त्यावरच्या आणखी दोघींना गाठून तिघींनी मिळून अर्ज दिला. आधी "बघू" झालं. दुसऱ्या अर्जाला वहिनींचे यजमान स्वतः सोबत गेले. आता गाडी दारापर्यंत येते. पहिल्या रात्री वहिनी जाग्याच होत्या, आणि खरं सांगते, मीसुद्धा.

म्हणून सांगते, लेकीला "नको" म्हणण्याआधी चार गोष्टी विचारा. गाडी घरापर्यंत येते का? त्या पाळीत आणखी बायका आहेत का? लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी समिती आहे का? पाळणाघर आहे का? पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर आणि पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा, हे २०१७च्या दुरुस्तीनं दिलेले हक्क आहेत, कुणाची मेहेरबानी नव्हे.

आपण पोरींना शिकवलं. आता शेवटचे दोन किलोमीटरही त्यांच्यासोबत चालूया.